टेक दॅटचा दुसरा डाव

जुने बँड पुन्हा एकत्र येतात ते बहुतेक वेळा पैशांसाठी. चाहत्यांनाही हे ठाऊक असतं आणि तरीही ते तिकिटं काढतात, कारण शाळेच्या वयात ज्या गाण्यांवर नाचलो ती पुन्हा समोर ऐकायला मिळणार असतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. जुनी गाणी वाजवून झाली, टाळ्या पडल्या, आता पुढे काय? बऱ्याच जणांकडे याचं उत्तर नसतं. मँचेस्टरच्या ‘टेक दॅट’कडे होतं. पहिल्या डावात या पोरांनी अमाप नाव कमावलं होतं, पण दुसरा डाव त्याहून मोठा ठरला. आणि तो सुरू झाला तेव्हा पुन्हा जमलेले चौघंही पस्तिशीच्या आगेमागे होते.

बॉयबँड हा मुळात ठरवून जमवलेला संच. दिसायला बरी, नाचता-गाता येणारी चार-पाच पोरं एखादा मॅनेजर निवडतो, त्यांचे कपडे, केस, मुलाखतीतली उत्तरं ठरवतो आणि ती शाळकरी मुलींसमोर उभी करतो. अमेरिकेत ‘न्यू किड्स ऑन द ब्लॉक’ने घातलेला धुमाकूळ पाहून नायजेल मार्टिन-स्मिथ या मॅनेजरने १९९० मध्ये मँचेस्टरला असाच ब्रिटिश संच बांधायला घेतला. गॅरी बार्लो हा कामगारांच्या क्लबांत कीबोर्ड वाजवून, गाऊन तयार झालेला. गाणी लिहिणारा तोच. हॉवर्ड डोनाल्ड आणि जेसन ऑरेंज नाचणारे. मार्क ओवेनचा चेहरा गोड. रॉबी विल्यम्स सगळ्यांत धाकटा, जेमतेम सोळा वर्षांचा. शाळा, समलिंगी पुरुषांचे क्लब, जिथे बोलावणं येईल तिथे ते कार्यक्रम करत. १९९१ मध्ये आलेलं पहिलं गाणं ब्रिटिश यादीत ८२व्या क्रमांकापर्यंत कसंबसं पोचलं.

दोन वर्षांत चित्र पालटलं. ‘प्रे’ १९९३ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि फेब्रुवारी १९९६ पर्यंत पहिल्या क्रमांकाच्या गाण्यांची संख्या आठवर पोचायच्या बेतात होती. ‘बॅक फॉर गुड’ अमेरिकेतही पहिल्या दहांत आलं. पण संचात घुसमट होती. मैत्रिणी असल्या तरी जाहीरपणे मिरवायच्या नाहीत, असा दंडक होता. गाणी लिहायची बार्लोने, नाचायचं बाकीच्यांनी. जुलै १९९५ मध्ये रॉबी बाहेर पडला. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी उरलेल्या चौघांनी मँचेस्टरमध्ये पत्रकारांना बोलावून बँड संपल्याचं सांगितलं, तेव्हा रडणाऱ्या मुलींना धीर देण्यासाठी ब्रिटनमध्ये फोनवरच्या मदतसेवा सुरू कराव्या लागल्या. वर्तमानपत्रांनी त्याची थट्टा केली. त्या मुलींना हसणाऱ्यांच्या हे गावीही नव्हतं की पुढे तिकिटं काढणारा सगळ्यांत भरवशाचा प्रेक्षक हाच आहे.

पुढची दहा वर्षं सगळ्यांनाच अनपेक्षित गेली. गॅरी बार्लो एकट्याने मोठा तारा होणार, असं गृहीत धरलं होतं. त्याची पहिली दोन गाणी अव्वल ठरलीही; पण १९९९ चा दुसरा अल्बम साफ पडला आणि कंपनीने त्याला सोडलं. तो दुसऱ्यांसाठी गाणी लिहू लागला. वजन वाढलं, आत्मविश्वास गेला. ज्याला बेभरवशाचं पोरगं म्हणून हिणवलं जायचं तो रॉबी मात्र ‘एंजल्स’ या गाण्यापासून जो वर चढला तो चढतच गेला. २००३ मध्ये नेबवर्थच्या मैदानावर तीन दिवसांत त्याला ऐकायला पावणेचार लाख लोक लोटले. मुलाखतींत तो बार्लोची टर उडवायचा, आणि लोकांना ते आवडायचं.

नोव्हेंबर २००५ मध्ये आयटीव्ही वाहिनीने या बँडवर एक माहितीपट दाखवला. चौघं जुने सोबती त्यात एकत्र आले. रॉबी त्यांना भेटायला आला नाही. त्याचं बोलणं पडद्यावरून आलं. प्रेक्षकांचा प्रतिसाद पाहून चौघांनी काही दिवसांतच दौरा जाहीर केला, आणि २००६ च्या वसंतात त्यांचे कार्यक्रम भरून वाहू लागले. रॉबीची जागा एका गाण्यापुरती प्रकाशातून उभ्या केलेल्या त्याच्या प्रतिमेने भरून काढली. इथपर्यंत ही स्मरणरंजनाचीच गोष्ट होती.

त्याच वर्षी ‘फाइव्ह’ हा दुसरा ब्रिटिश बॉयबँडही पुन्हा जमला होता. चाहते त्यांनाही होते, आठवणी त्यांच्याही होत्या. पण नव्या अल्बमसाठी कंपनी मिळेना आणि काही महिन्यांत, २००७ मध्ये, त्यांनी गाशा गुंडाळला. मग टेक दॅटचंच का जमलं? घरातच कसलेला गीतकार होता, हे एक कारण झालंच. त्याहून महत्त्वाचं कारण सहसा सीडीच्या पाकिटामागच्या बारीक अक्षरांत असतं, म्हणून ते नजरेतून सुटतं.

पॉपमध्ये गाणाऱ्याला पैसे मिळतात ते मुख्यतः रेकॉर्डच्या विक्रीतून आणि कार्यक्रमांतून. गाणं लिहिणाऱ्याला मात्र ते रेडिओवर, टीव्हीवर, कुठेही वाजलं तरी वेगळं मानधन मिळत राहतं, वर्षानुवर्षं. पहिल्या डावात बहुतेक गाण्यांवर एकट्या बार्लोचं नाव होतं. कष्ट पाच जणांचे आणि सातबारा एकाच्या नावावर, असा तो प्रकार. दुसऱ्या डावात चौघांनी ठरवलं की गाणी एकत्र लिहायची आणि नावं सगळ्यांची लावायची. आळीपाळीने मुख्य आवाजही प्रत्येकाने द्यायचा. जुन्या मॅनेजरशिवायच हा संसार मांडला गेला. बार्लोच्या गीतकारीचं कौतुक पुष्कळ होतं, पण त्याची खरी थोरवी या वाटणीत दिसते. एवढं अपयश पचवलेलं नसतं तर तो हक्क त्याने सोडला असता का, शंकाच आहे.

‘पेशन्स’ हे नव्या डावातलं पहिलं गाणं नोव्हेंबर २००६ मध्ये आलं. त्याचा व्हिडिओ आइसलँडमध्ये चित्रित झाला आहे. उघडी, खडकाळ जमीन, वर करडं आकाश, आणि जाड कोटांतले चार पुरुष हातात माइकचे स्टँड घेऊन ती जमीन तुडवत चालले आहेत. एकत्र नाच नाही, उघड्या छात्या नाहीत, मुलींकडे पाहून डोळे मिचकावणं नाही. गाण्याची चालही सबुरीची, गिटारच्या आधाराने हळूहळू चढणारी. वयाचं सोंग न घेता ते समोर आले आणि गाणं चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पाठोपाठ आलेलं ‘शाइन’ मार्क ओवेनने गायलं; तेही पहिलं. लागोपाठ दोन वर्षं, २००७ आणि २००८ मध्ये, सर्वोत्तम ब्रिटिश गाण्याचा ब्रिट पुरस्कार या दोन गाण्यांना मिळाला. ही दोन्ही गाणी ज्या अल्बममधली, त्याच्या शेवटी ‘वुडन बोट’ नावाचं साधंसं गाणं आहे. ते जेसन ऑरेंजच्या आवाजात आहे. पहिल्या डावात नाचणारा म्हणूनच ओळखला गेलेला हा माणूस तिथे कुठलाही आव न आणता गातो. चाहत्यांना ते का प्रिय आहे, हे एकदा ऐकलं की कळतं.

जुलै २०१० मध्ये रॉबी परतल्याची घोषणा झाली. त्याच वर्षी त्याने आणि बार्लोने ‘शेम’ हे द्वंद्वगीत केलं आणि आपलं जुनं भांडण गंमतीत काढून टाकलं. पाचही जणांचा ‘प्रोग्रेस’ हा अल्बम नोव्हेंबरात आला तेव्हा ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याच्या पाच लाखांहून जास्त प्रती खपल्या. २०११ च्या दौऱ्याची तिकिटं खुली झाली त्या दिवशी संकेतस्थळं कोलमडली. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर ते आठ रात्री गायले. मायकेल जॅक्सनने १९८८ मध्ये जुन्या वेम्बलीवर केलेल्या सात कार्यक्रमांचा विक्रम त्यांनी मोडला.

त्या कार्यक्रमाची बांधणी फार हुशारीने केलेली होती. आधी चौघं येऊन आपली नवी गाणी गात. मग रॉबी एकटा येऊन आपला हिस्सा गाजवून जाई. त्यानंतर पाचही जण एकत्र. पंधरा वर्षांची ताटातूट आणि समेट कुणी एक शब्द न बोलता मंचावर मांडला जात होता, आणि मागे सुमारे साठ फुटी यांत्रिक माणूस हळूहळू उभा राहत होता. हा यंत्रमानव जरा जास्तच झाला, असं म्हणायला जागा आहे. पाच माणसं पुरेशी होती.

जुन्या बॉयबँडची ही लाट फक्त ब्रिटनपुरती नाही. मे २०२३ मध्ये ‘बॅकस्ट्रीट बॉईज’ मुंबईत गायला आले तेव्हा बीकेसीच्या मैदानावर एम टीव्ही आणि चॅनेल व्ही पाहून वाढलेली पिढी लोटली होती. तिशी-चाळिशीतल्या प्रेक्षकाच्या हातात आता स्वतःचा पगार असतो, हे या धंद्याचं साधं गणित. टेक दॅटचे चाहते तर याही पुढे गेले. २०१७ मध्ये त्यांच्या गाण्यांवर ‘द बँड’ ही संगीतिका मँचेस्टरला रंगभूमीवर आली, तिच्या नायिका आहेत चाहत्या मैत्रिणी. बँडमधली पोरं त्यांच्या आयुष्याच्या पार्श्वभूमीला असतात. १९९६ मध्ये ज्यांच्या अश्रूंवर विनोद झाले, त्यांना इतक्या आदराने दुसऱ्या कुठल्या बॉयबँडने मध्यभागी आणलं असेल असं वाटत नाही.

सगळंच गोडगोड झालं असं मात्र नाही. बार्लो, ओवेन आणि डोनाल्ड यांनी पैसे गुंतवलेली एक योजना कर टाळण्यासाठीच आखलेली होती, असा निकाल २०१४ मध्ये ब्रिटिश न्यायाधिकरणाने दिला. बार्लोने नंतर जाहीर माफी मागितली. काही चाहत्यांच्या मनातून ते गेलं नाही. त्याच वर्षी जेसन ऑरेंजने बँड सोडला आणि प्रसिद्धीच्या वाऱ्यालाही तो पुन्हा उभा राहिला नाही. रॉबीही नियमित संचात थांबला नाही, अधूनमधून सोबत गातो.

उरले तिघे. त्यांचा ‘धिस लाइफ’ हा अल्बम नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्या वर्षीच्या दौऱ्यात मँचेस्टरचे कार्यक्रम एका कोऱ्या सभागृहात ठरले होते. ते वेळेत तयार झालं नाही, म्हणून शहरातल्या जुन्या अरेनात हलवावे लागले. रॉबी सोडून गेल्यावर, ऑगस्ट १९९५ मध्ये, चौघं याच इमारतीत गायले होते. तेव्हा ती नवीकोरी होती आणि ते विशीत होते.