चहाचें अक्षर

लोधिवलीच्या कोणत्याहि घरीं पाहुणा आला कीं चहाचें आधण चढतें. चहाचें पान आतां आपल्या देशांत पिकतें. त्याचें नांव मात्र चिनी आहे. तें नांव ज्या अक्षरानें लिहितात, त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस सांगण्याजोगी वाटते.

चिनी लिपींत बाराखडी नाहीं. तेथें एक अक्षर म्हणजे बहुधा एक शब्दच. चहाच्या अक्षरांत वर गवताचें चिन्ह, मध्यें माणसाच्या चिन्हासारख्या दोन तिरक्या रेषा व खालीं झाडासारखा भाग दिसतो. गवत व झाड यांमधला माणूस म्हणजे चहा, अशी उपपत्ति यावरून पुष्कळजण सांगतात. ती ऐकावयास गोड आहे, खरी नव्हे.

पूर्वीं तेथें एका कडू भाजीचें अक्षर होतें. आजच्या उच्चारानें तें ‘थू’. नांव चवीस शोभणारेंच! त्यांतील गवत वनस्पति सुचवी व खालचा भाग उच्चार. चहाचें पानहि कडू, म्हणून त्यासहि तेंच अक्षर लावीत. मग लिहिलेली भाजी समजावी कीं चहा? तांग राजवटींत (इ. स. ६१८ ते ९०७) चहाचा प्रसार वाढला, तेव्हां जुन्या अक्षरांतील एक आडवी रेषा गाळून चहास स्वतंत्र अक्षर मिळालें. लू यू या पंडितानें चहावर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तो याच काळांत, आठव्या शतकीं. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील वेलांटीचा ज्यांस कंटाळा येतो, त्यांनीं ही रेषा ध्यानांत ठेवावी.

अक्षर एक, पण उच्चार प्रांतोप्रांतीं निराळे. कँटनकडे ‘चा’, अमॉय बंदराकडे ‘ते’. मकाव येथील पोर्तुगीजांनीं ‘चा’ उचलला. डचांनीं ‘ते’ युरोपांत नेला, व त्यांतून इंग्रजी ‘टी’ निघाला. आमचा ‘चहा’ व हिंदीचा ‘चाय’ हे ‘चा’च्या घराण्यांतले.

जपानांत तर या अक्षराचीं शकलें करून बेरीज मांडतात: गवताच्या चिन्हांत दोन दहा, म्हणजे २०, खालीं आठ-दहा-आठ, म्हणजे ८८, एकूण १०८. म्हणून १०८ वर्षांच्या वयास तेथें चहाचें नांव आहे.

चीनमध्यें ‘चहा’ म्हणजे वाग्दानाची भेट, असाहि अर्थ होता. चहाचें झाड बींतूनच वाढतें, उपटून दुसरीकडे लावल्यास जगत नाहीं, अशी जुनी समजूत होती. चहाच्या मळ्यांत रोपें लावतात हें पाहतां ती टिकणारी नव्हे. पण तीवरून वराकडील चहा वधूच्या घरीं जाई, आणि तो स्वीकारला कीं दुसऱ्या स्थळाचा चहा घ्यावयाचा नसे. आमच्याकडेहि मुलगी पाहावयास आलेल्यांपुढें चहापोहे येतात. परंतु पेला रिकामा झाला म्हणजे होकार झाला, असें येथें कोणी धरीत नाहीं.