अंगठा उठविण्यापूर्वी

‘करार’ म्हटले की आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे स्टॅम्पपेपर आणि वकील उभा राहतो. खरे पाहता निरगुडसरच्या शेतशिवारात रोजच करार होतात. “उद्या कांदे काढायला या, इतकी हजेरी देऊ,” हा प्रस्ताव. “येतो,” ही स्वीकृती. हजेरी म्हणजे मोबदला. कायदा त्याला प्रतिफल म्हणतो. कागद नसला तरी हा करारच आहे. काम केले की मजुरी मागण्याचा आपला हक्क आहे.

या साऱ्याचा पाया १८७२ चा भारतीय करार कायदा. हा कायदा ज्याचा गाभा आहे, तो व्यापारी कायदा पूज्य बाबासाहेबांनी १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय संस्थेत विद्यार्थ्यांना शिकविला. तो आपल्या घरातही समजला पाहिजे.

करार करणाऱ्याची १८ वर्षे पूर्ण हवीत, तो शुद्धीवर हवा, संमती राजीखुशीची हवी, मोबदला व हेतू कायदेशीर हवेत. धाकाने किंवा फसवून घेतलेली संमती असेल तर फसलेल्या माणसाला करार रद्द करून घेता येतो. हेतूच बेकायदेशीर असेल तर तो करार मुळातच रद्दबातल.

जमिनीच्या व्यवहारातले शब्द तर पाठच हवेत. विसार म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. त्याने मालकी जात नाही. मालकी जाते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेल्या खरेदीखताने. कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती देणे.

आपली खरी जोखीम येथेच आहे. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले आणि जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. अशा वेळी “परवानगीचे आम्ही बघतो” म्हणत कोणी विसार हातावर ठेवतो आणि कुलमुखत्यारपत्रावर अंगठा मागतो. वाडवडिलांची जमीन अशा एका अंगठ्याने अडकते.

म्हणून आम्ही सांगतो, कोऱ्या कागदावर सही नको. मजकूर शिकलेल्या मुलामुलींकडून मोठ्याने वाचून घ्या. नक्कल घरी ठेवा. सातबारा पाहा. शंका आली तर घोडेगावच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे चौकशी करा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातींना व सर्व स्त्रियांना वकिलाची मदत मोफत आहे.

समोरचा घाई करू लागला तर त्याला सांगा, “आधी वाचू, मग बोलू.”