दोष थोडा, नामुष्की मोठी : मध्ययुगीन ख्रिस्ती विचारातील कामवासना

रत्नागिरीच्या दक्षिणेस असलेले पावस हे गाव स्वामी स्वरूपानंद (1903–1974) यांच्या वास्तव्यामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. त्यांनी ज्ञानेश्वरी अभंगरूपात सिद्ध केली. रत्नागिरी जिल्हा 2005 पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आहे आणि येथील कॅथलिक कुटुंबांच्या कानी शेजारघरातून षड्रिपूंची नावे सहज पडतात : काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात सात प्रमुख पापे पाठ केलेली असतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर एक फरक लगेच जाणवतो. षड्रिपूंत काम पहिला. थोर पोप संत ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेल्या यादीत कामवासना शेवटची. त्यांनी गर्वाला सर्व दुर्गुणांचे मूळ मानून वेगळे ठेवले आणि त्यापासून पोकळ प्रतिष्ठेची हाव, मत्सर, क्रोध, खिन्नता, लोभ, खादाडपणा व कामवासना अशी सात अपत्ये सांगितली. 'प्रमुख' याचा अर्थ सर्वांत भारी असा नव्हे. ज्यांच्या पोटी इतर पापे जन्मतात ती प्रमुख.

ज्ञानेश्वरी 1290 साली पूर्ण झाली. तिच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध, लोभ या नरकाच्या तीन द्वारांचे विवेचन आहे. त्याआधी 16 वर्षे, 1274 मध्ये, संत थॉमस अक्वायनस यांचे निधन झाले होते. म्हणजे एकाच शतकात, एकमेकांची वार्ताही नसताना, युरोपात आणि गोदावरीच्या खोऱ्यात माणसाच्या दुर्गुणांची मांडणी चालू होती.

अक्वायनस यांचे म्हणणे ऐकून आजचा श्रद्धावंतही चकित होईल. शारीरिक सुख मुळातच पाप आहे, असे ते मानीत नाहीत. आदिपापापूर्वीच्या अवस्थेत हे सुख कमी नव्हे, अधिकच असते, असे ते लिहितात. बिघाड सुखात नाही, ते विवेकाच्या ताब्यातून सुटण्यात आहे. विवाहबाह्य संबंधाला ते प्राणघातक पापच म्हणतात, यात सूट नाही. तरीही ग्रेगरींच्या आधारे ते सांगतात, की देहाच्या पापांत आत्मिक पापांपेक्षा दोष कमी व नामुष्की अधिक असते. कारण त्यांत मनुष्य प्रामुख्याने देहसुखाकडे वळलेला असतो. आत्मिक पापात तो थेट देवाकडे पाठ फिरवतो. शिवाय उपजत ओढीने घसरणाऱ्याचा दोष काहीसा हलका होतो.

आपल्या गावांत हा क्रम पार उलटला आहे. भावाची जमीन बळकावणारा चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो. एखाद्या मुलीचे पाऊल घसरले तर तिच्या आईलाही मान वर करता येत नाही. 'पाप' म्हटले, की आपल्याला सहावी आज्ञाच तेवढी आठवते. लोभ पापनिवेदनात क्वचितच येत असावा.

मात्र मध्ययुगातील सर्वच मांडणी आज स्वीकारता येणार नाही. कामवासनेच्या प्रकारांची प्रतवारी लावताना अक्वायनस यांनी निसर्गक्रमाविरुद्धची कृत्ये बलात्काराहूनही गंभीर ठरवली. कुमारिकेशी केलेल्या दुष्कृत्यात तर तिच्या पित्याच्या अधिकारावरील आघातही ते हिशेबात धरतात. जिच्यावर अत्याचार झाला तिचे दुःख या मोजमापात फारसे दिसत नाही. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात ही उणीव राहिलेली नाही : बलात्कार हे सदैव, स्वभावतःच दुष्ट कृत्य असून त्याने व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर, स्वातंत्र्यावर आणि शरीर-मनाच्या अखंडतेवर खोल जखम होते, असे तो शिकवतो.

नामुष्कीचे ओझे मध्ययुगीन ख्रिस्तसभेलाही ठाऊक होते. 1215 च्या चौथ्या लॅटरन महासभेने प्रत्येक प्रौढ श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे, असा नियम केला. त्याच नियमात धर्मगुरूने वैद्याप्रमाणे जखमेवर द्राक्षारस व तेल ओतावे, असे सांगितले. आणि जो धर्मगुरू पापनिवेदनात ऐकलेले बाहेर फोडील, त्याला पदच्युत करून आजन्म प्रायश्चित्तासाठी कडक शिस्तीच्या मठात बंदिस्त करावे, असेही ठरवले.