धानाच्या मुळांतले तणनाशक

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात पावसाळ्याची दोन कामे माणसाला वाकवून ठेवतात: रोवणी आणि निंदण. रोवणीच्या बांधीत चिखलणी झालेली असते, पाणी साचलेले असते, म्हणून बरेचसे तण तिथेच दबते. पण जिथे आवत्या टाकतात, म्हणजे बी थेट बांधीत फेकून पेरतात, तिथे धान आणि तण बरोबरच उगवतात. त्यातही सावा फार फसवा, कारण कोवळेपणी तो हुबेहूब धानासारखा दिसतो. ओळखायचा तर पान खोडापासून सुटते तो सांधा पाहावा. धानाला तिथे पातळ पांढुरकी जिभली आणि दोन बारीक केसाळ कानपाळ्या असतात. साव्याचा सांधा साफ, गुळगुळीत असतो.

या दोघांचे भांडण ऊन, पाणी आणि खतासाठी आहे, हे सगळेच जाणतात. मातीखाली मात्र ते रसायनांनीही चालते, आणि धान त्यात निःशस्त्र नाही.

१९७३ साली जपानी संशोधकांना धानाच्या तुसात अंकुरांची वाढ रोखणारी द्रव्ये सापडली. त्यांना मोमिलॅक्टोन म्हणतात. पुढे २००२ मध्ये त्यांतले मोमिलॅक्टोन-बी धानाच्या जिवंत मुळांतून बाहेर पाझरते, हे दिसून आले. अगदी अल्प मात्रेतही ते शेजारच्या तणाच्या मुळाची आणि कोंबाची वाढ खुंटवते. तेवढ्या मात्रेचा धानाला स्वतःला त्रास होत नाही. त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे, जवळ सावा उगवला की धान हे द्रव्य जास्त सोडते. शेजारी कोण आहे याचा सुगावा मुळांना लागतो!

यावर शंका घेणारेही होते, आणि त्यांची शंका रास्त होती. शेतात तण दबले तर ते सावलीने दबले की विषाने, हे वेगळे काढणे अवघड असते. २०१२ मध्ये ही द्रव्ये घडवणारी जनुके निकामी केलेली धानाची रोपे तपासली, तेव्हा त्यांची तण दाबण्याची ताकद घटलेली आढळली. धानापुरता तो वाद तिथे मिटला.

सावाही गप्प बसत नाही. २०१७ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला. धान शेजारी असताना साव्यात डिंबोआ नावाचे द्रव्य बनवणारी जनुके जागी होतात आणि ते द्रव्य धानाची वाढ दाबते. मोमिलॅक्टोन बनवणाऱ्या जनुकांचा एक संचही साव्यापाशी आहे. तो करपा रोगाच्या बुरशीची लागण झाली की कामाला लागतो. एका बांधीत दोन रसायनतज्ज्ञ समोरासमोर उभे आहेत, असेच म्हणायला हवे.

वनस्पतींच्या या परस्परपरिणामाला ‘ॲलिलोपथी’ हे नाव हान्स मोलिश या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये दिले. आपल्या शेतकऱ्यांना त्याची चाहूल आधीपासून होती. ज्वारीचा बेवड वाईट, हे वऱ्हाडापासून वरोऱ्यापर्यंत कोणीही सांगेल. ज्वारी जमिनीतले नत्र ओढून घेते हे त्याचे एक कारण. दुसरे तिच्या मुळांत आहे. ज्वारीचे दाणे दमट हवेत अंकुरू द्यावेत आणि भिंगातून पाहावे: मुळांवरच्या केसांच्या टोकांना सोनेरी तेलकट थेंब लागलेले दिसतात. त्यात मुख्यतः सॉर्गोलिओन असते. बारीक बियांच्या तणांच्या कोवळ्या रोपांत ते प्रकाशसंश्लेषणाचे काम अडवते आणि रोप उपाशी मरते.

मग हे द्रव्य बाटलीत भरून का विकत नाहीत? मातीतले सूक्ष्मजीव अशी बहुतेक द्रव्ये लवकर मोडून टाकतात, आणि त्यांची गुंतागुंतीची रचना कारखान्यात घडवणे महाग पडते. पण वनस्पतीपासून धडा घेता येतो. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात एका संशोधकाला दिसले की बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसे येत नाही. झाडातले लेप्टोस्पर्मोन हे द्रव्य हाती लागले. ते एकटे दुबळे होते, म्हणून रसायनतज्ज्ञांनी त्याच धर्तीवर नवे रेणू घडवले. त्यातून आलेले मेसोट्रायोन २००१ पासून मक्यात वापरले जाते. ते फवारले की तणाचे पान पांढरेफटक पडते, कारण हरितद्रव्याला उन्हापासून जपणारी रंगद्रव्ये बनणेच थांबते.

वनस्पतीचे म्हणून निरुपद्रवी, असे मात्र समजू नये. पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेत आलेले गाजरगवत पार्थेनिन या द्रव्याने इतर रोपांना दाबते, आणि त्याच्या संपर्काने माणसाच्या अंगाला खाज सुटून चट्टे उठतात. त्याच्यावर सुचवला जाणारा एक उपाय आपल्या बांधावरच आहे: तरोटा. पावसाच्या सुरुवातीला ज्याची कोवळी पाने भाजीसाठी खुडतात, तोच दाट उगवला की गाजरगवताला वर येऊ देत नाही. गवत फुलावर येण्याआधी उपटावे आणि त्या जागी तरोट्याचे बी टाकावे.

धानाच्या बाबतीत माझी खरी आशा बाटलीपेक्षा बियाण्यावर आहे. सगळ्या वाणांत ही ताकद सारखी नसते. चीनने २००९ मध्ये हुआगान-३ हा तण दाबणारा वाण शेतात आणला. निंदण पूर्ण टळेल असे नाही, पण कमी झाले तरी बायांच्या कमरेचा आणि खर्चाचा भार हलका होईल. निवडीची नजर या मातीत आहेच: नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या लोंब्या हेरून एचएमटी धान घडवला. आवत्याच्या बांधीत एखाद्या जुन्या वाणाभोवती तण सतत विरळ दिसत असेल, तर त्याचे बी वेगळे राखा, दोन-तीन हंगाम पडताळा आणि सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्राला दाखवा.