खानावळीचं खरकटं आणि वाडीतला पाचोळा

"आमच्याकडे रोज 100 किलो कचरा होतच नाही, मग ते नियम आम्हाला कशाला?" खाण्याच्या धंद्यातल्या माणसाशी कचऱ्याच्या नियमांबद्दल बोलायला लागलं, की हा प्रश्न येतोच. प्रश्न रास्त आहे. कोसबाडसारख्या गावाच्या संदर्भात त्याचं उत्तर काय, ते आज बघू.

100 किलोची गोष्ट

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत रोज सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याला 'मोठा कचरा निर्माता' म्हटलं होतं. हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण त्याच नियमांत हॉटेलं आणि उपाहारगृहांसाठी वेगळं कलम होतं आणि त्याला वजनाची अट नव्हती. कचरा जिथे होतो तिथेच वेगळा करा, विकण्यासारखा सुका माल भंगारात द्या, ओल्याचं शक्य तितकं आपल्याच आवारात खत किंवा गॅस करा, असं ते सांगत होतं. परवाना नसलेल्या जागी 100 पेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम करायचा, तर स्थानिक संस्थेला तीन कामाचे दिवस आधी कळवायचं, हेही त्यात होतं.

मग अडलं कुठे? ते नियम मुख्यतः शहरं आणि जनगणनेत 'शहर' ठरलेल्या गावांसाठी होते. डहाणूला नगरपरिषद आहे, कोसबाडला ग्रामपंचायत. त्यामुळे रस्ता तोच, पर्यटक तेच, पण नियमाची हद्द मध्येच संपायची. प्लास्टिकचं तसं नव्हतं. 2016 च्या प्लास्टिक नियमांत ग्रामपंचायतीची जबाबदारी स्पष्ट लिहिली आहे आणि 2018 ची महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी सगळ्या राज्याला लागू आहे. पहिला दंड 5,000 रुपये, दुसरा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिने कैद. म्हणजे पिशवीला कायदा होता, पिशवीत बांधलेल्या खरकट्याला नव्हता!

1 एप्रिल 2026 पासून नवे घनकचरा नियम आले. त्यांत ग्रामीण स्थानिक संस्थाही धरल्या आहेत आणि कचऱ्याचे चार भाग करायचे आहेत: ओला, सुका, सॅनिटरी, आणि विशेष काळजीचा (रंगाचे डबे, बल्ब, औषधं वगैरे).

छोट्यांची बेरीज

1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि कारखान्यांवर मर्यादा आली. त्यामुळे इथे ओला कचरा करणारे बहुतेक छोटेच: खानावळ, वडापावची गाडी, रिसॉर्टचं स्वयंपाकघर, लग्नाचा मांडव.

साधा हिशेब करू. समजा एका खानावळीत रोज 60 ताटं उठतात आणि दर ताटात 100 ग्रॅम उष्टं राहतं. ते झालं 6 किलो. त्यात भाजीची सालं, देठं 10 किलो धरा. म्हणजे 16 किलो. 100 च्या कितीतरी खाली. पण अशा दहा खानावळी असल्या तर 160 किलो. आणि 500 माणसांच्या लग्नात प्रत्येकी 200 ग्रॅम वाया गेलं, तर एका संध्याकाळी 100 किलो.

हे पिशवीत गाठ मारून उकिरड्यावर गेलं की दोन गोष्टी होतात. वासाने आलेलं गुरू पिशवीसकट खातं आणि प्लास्टिक त्याच्या पोटात साठत जातं. जे उरतं ते हवेशिवाय कुजतं आणि त्यातून मिथेन निघतो. 100 वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट जास्त उष्णता अडवतो.

खत का बिघडतं?

"करून बघितलं, नुसता वास येतो," हीही तक्रार असते. कारण सोपं आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना नायट्रोजनच्या 25 ते 30 पट कार्बन लागतो. अन्नात कार्बन त्यामानाने कमी आणि पाणी फार. नुसतं खरकटं साठवलं की हवा कोंडते आणि घाण सुटते. उपाय म्हणजे कोरडा, कार्बनवाला माल, आणि तो चिकू-आंब्याच्या वाड्यांत पायाखाली पडलेला असतो.

एक घमेलं खरकटं, त्यावर दोन-तीन घमेली पाचोळा. चिकूचं पान चिवट, म्हणून आधी चुरून घ्या. आमटी-रस्सा निथळून टाका, तेल-मीठ फार नको. मूठभर मिश्रण दाबलं तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. आठवड्यातून एकदा वरखाली करा. ढीग आतून गरम लागला, तर काम चालू आहे असं समजा.

पैसा कुठला?

स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत तरतूद आहे. 3,000 वस्तीच्या गावाला हे 1,80,000 रुपये होतात. त्यात रोजची गाडी फिरवणं कठीण, पण खताचे खड्डे आणि सुक्या कचऱ्याची शेड जमू शकते. म्हणून ओला कचरा खानावळीच्या मागेच जिरणं महत्त्वाचं. तेवढं ओझं पंचायतीवरून उतरतं.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, शंख-शिंपले अशा आसपासच्या वस्तू घेऊन मुलांना शिकवलं. वस्तू ओळखायची आणि वेगळी ठेवायची, हा बालवाडीतला पहिला धडा. कचऱ्याच्या नियमांचाही पहिला धडा तोच आहे. तुमची खानावळ असेल तर उद्यापासून फक्त एक करा: खरकट्याच्या बादलीत पिशवी जाऊ देऊ नका. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.