नावामागचे कारण

दिल्लीत, नोएडात किंवा गुरुग्राममध्ये मराठी घरात मूल जन्माला आले की आजकाल नावाचा शोध दोन अटींवर चालतो: वर्गात ते दुसऱ्या कोणाचे नसावे आणि हिंदी-इंग्रजी जिभेला ते सहज उच्चारता यावे. मग नावांच्या याद्या उघडल्या जातात आणि नावापुढे छापलेला अर्थ पाहून निवड होते. माझे म्हणणे असे की, या याद्यांतला ‘अर्थ’ हा नावाविषयीचा सर्वांत दुबळा पुरावा आहे. ‘मायरा’समोर बिनदिक्कत ‘प्रिय’ असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात ते नाव फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने घडवले, असे नामकोश मानतात. ‘मल्हार’ हे नाव आज पुन्हा आवडीचे झाले आहे, पण ते पावसाळी राग म्हणून. ज्या घराण्यांनी ते शतकानुशतके ठेवले त्यांच्यासाठी मल्हार म्हणजे जेजुरीचा खंडोबा होता. जुन्या मराठी नावांचा खरा अर्थ शब्दकोशात सापडत नाही. हे नाव या मुलाला का ठेवले, या प्रश्नाच्या उत्तरात तो असतो.

धोंडो, दगडू, केरबा, कचरू, भिकाजी ही नावे घ्या. कोशातला अर्थ पाहिला तर कोणते आईबाप अशी नावे ठेवतील? पण आधीची मुले दगावली असतील तर पुढच्याला नजर लागू नये, मृत्यूने त्याला कवडीमोलाचे समजून सोडून द्यावे, या आकांताने ही नावे ठेवली जात. कोणी धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात, जन्मला म्हणूनही धोंडू होई. धोंडो केशव कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले तेव्हा अशाच एका नावाचा देशाने गौरव केला. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि झालेल्या मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. जोतीराव फुल्यांचे नाव जोतिबाच्या यात्रेवरून आले. भीती, नवस, यात्रा, महिना, कुलदैवत: नाव हे त्या घरातल्या एका घटनेची नोंद होते. हीच पद्धत क्रूरही होऊ शकते, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलगी नको असताना झाली म्हणून ‘नकुशी’ असे नाव पडलेल्या दोनशेहून अधिक मुलींचे सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये नव्याने नामकरण करावे लागले. कारण जसे नाव घडवते तसे ते नाव मोडायलाही भाग पाडते.

दिल्लीच्या परिसरात जुनी मराठी नावे परकी नाहीत. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले ते बुराडी घाटावर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले ते गाझियाबादच्या परिसरात. सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतल्यावर तिचा बंदोबस्त नारो शंकरांकडे होता. पेशव्यांची वकिली इथे हिंगणे घराण्याने केली. त्या घराण्यातल्या महादेवभटांचे मुलगे कागदोपत्री बापूजी महादेव, दामोदर महादेव, पुरुषोत्तम महादेव असे भेटतात. स्वतःच्या नावाला बापाचे नाव जोडण्याची ही साखळी पुढे स्वतंत्र भारताच्या दिल्लीतही दिसते. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, त्यांचे खासदार पुत्र पुरुषोत्तम गणेश. केंद्रीय मंत्री काकासाहेब गाडगीळ म्हणजे नरहर विष्णू, त्यांचे पुत्र विठ्ठल नरहर, नातू अनंत विठ्ठल. चार पिढ्यांत विष्णू, नरहर, विठ्ठल, अनंत: एकाच दैवताची चार नावे, आणि प्रत्येक नाव पुढच्याच्या मध्यभागी टिकून राहिलेले. जुने नाव वापरातून गेले तरी पुढच्या पिढीपर्यंत ते कागदावर दिसत राही, ते या मधल्या नावामुळे. दिल्लीत अर्जावर वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात जाते आणि मुलाकडे केवळ नाव-आडनाव उरते. साखळी तुटते ती इथे.

पण ही साखळी पुरुषांची होती. स्त्रियांच्या नावांचे काय झाले, हा या विषयाचा खरा गाभा आहे. रमाबाई रानड्यांचे माहेरचे नाव यमुना. डॉक्टर आनंदीबाई जोशींचेही माहेरचे नाव यमुनाच. कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. या तिघींची मूळ नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्या नामांकित झाल्या. ज्या झाल्या नाहीत त्यांच्या गोदावरी, यमुना, कृष्णा, भागीरथी लग्नाच्या दिवशीच पुसल्या गेल्या. बायकांची जुनी नावे किती होती पाहा. नामदेवांच्या घरातल्या गोणाई, राजाई, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई, लिंबाई, आऊबाई आपल्याला भेटतात त्या अभंगांमुळे. महानुभावांच्या वाङ्मयात महदाइसा, बाइसा, उमाइसा आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर भरलेल्या ९८ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष तारा भवाळकर यांनी आयुष्यभर ज्या मौखिक परंपरेचा अभ्यास केला, तिथे बायका एकमेकींना नावाने हाका मारतात. दुर्मिळ नाव हवे असणाऱ्यांना बाहेर यादी शोधण्याची गरज का पडावी, हे मला खरोखर कळत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो मुलांच्या हालांचा: दिल्लीच्या शाळेत साखराई किंवा नरहर हे नाव घेऊन मूल कसे वावरेल? चिंतामण द्वारकानाथ देशमुख याच शहरात देशाचे अर्थमंत्री होते आणि नावामुळे त्यांचे काही अडले नाही. शिवाय गोणाई उच्चारायला कियारापेक्षा अवघड नाही. सवयीचा तेवढा प्रश्न आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या नावांना जात चिकटलेली असते. कचरू कोणाच्या वाट्याला अधिक आले आणि पुरुषोत्तम कोणाच्या, हे समाजाने ठरवले होते. हे पूर्णपणे खरे आहे. म्हणूनच १९५६ च्या बौद्ध धर्मांतरानंतर सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे घराघरांत आली, त्याचे मोल मोठे आहे. तीही जुनीच नावे, दोन हजार वर्षांपलीकडची. पण निवडणाऱ्यांना आपण ती का निवडतो हे पक्के ठाऊक होते. अपमानाचे नाव टाकून देणे हाही नावामागच्या कारणाचा आदरच आहे. पणजोबा धोंडो होते म्हणून पणतूला धोंडो करावे, असे मी सुचवत नाही. पणजोबांना ते नाव का पडले, एवढे तरी घरात माहीत असावे.

कायदा आपल्याला पुरेसा अवधी देतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव वर्षभरात विनाशुल्क आणि पुढे शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. रुग्णालयातून निघताना घाईने नाव लिहून देण्याचे कारण नाही. बारशापर्यंत खुशाल थांबावे. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावण्याचा नियम केला. दिल्लीत तो लागू नाही, पण घरात पाळायला कोणाची मनाई आहे? आणि दिवाळीत गावाकडची माणसे भेटतील, तेव्हा आजीला, पणजीच्या धाकट्या बहिणीला, आत्याला त्यांचे माहेरचे नाव विचारा, ते का ठेवले होते तेही विचारा आणि लिहून ठेवा. ज्यांना ते सांगता येईल अशा बायका आता थोड्याच उरल्या आहेत.