माळशेजची शिल्लक

मार्चमधली सकाळ. माळशेज घाटाच्या माथ्यावर सायकलला पाठीमागच्या दोन्ही पिशव्या नीट आवळल्या आणि कल्याणच्या दिशेने पाय सोडले. पुढचे सुमारे ८५ किलोमीटर सगळा उतारच, असं घरी सगळ्यांना वाटतं. खरा उतार मात्र पहिल्या दहा-बारा किलोमीटरांतच संपतो. तेवढ्यात सुमारे ६०० मीटर खाली यायचं असतं.

माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरा. एवढं वजन ६०० मीटर खाली येताना सव्वापाच लाख जूल ऊर्जा मोकळी होते. पावणेदोन लिटर पाणी उकळीला आणायला साधारण तेवढीच लागते. वळणावळणाच्या रस्त्यावर वेग ताशी पंचविसाच्या आसपास ठेवला, तर तिच्यातली निम्म्याहून जास्त ब्रेकमध्ये जळते. बोगद्याच्या खाली एका वळणावर थांबून मी ब्रेकच्या डिस्कवर बाटलीतल्या पाण्याचा थेंब टाकला. चुर्र आवाज झाला आणि थेंब दिसेनासा झाला. रिमला घासणारे जुने ब्रेक असतील तर ही उष्णता रिममध्ये शिरते, ट्यूबमधली हवा फुगते, पंक्चरचं ठिगळ सुटू शकतं. म्हणून ब्रेक दाबून धरू नये. वळणाआधी ठामपणे दाबावा आणि मग पूर्ण सोडावा, म्हणजे मधल्या काळात वारा धातूला गार करतो.

समोरच्या कड्यांत बेसॉल्टचे थर एकावर एक रचलेले दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे ते थर. याच सह्याद्रीच्या धारेवर जवळच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल त्या वाटेने कल्याण बंदराकडे उतरायचा. त्या बैलांचा आणि हमालांचा विचार मला इथे नेहमी येतो. चालत उतरताना ब्रेक म्हणजे मांड्याच. ताणल्या जात असतानाच स्नायूंना भार धरून ठेवावा लागतो, म्हणून गड उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात. सायकलवाला तेवढा सुटतो.

खाली आल्यावर हवा बदलते. वरची हवा शंभर मीटर खाली आली की वाढत्या दाबाने आक्रसते आणि जवळपास एक अंशाने तापते. घाटाच्या पायथ्याशी जॅकेट नकोसं होतं.

आता सपाटी. टोकावडे, सरळगाव, मुरबाड. ताशी वीसने जायला वारा नसताना साधारण ७५ वॉट पुरतात. घाटातली सगळी ऊर्जा साठवता आली असती, तर तिच्यावरच पायथ्यापासून सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे जवळपास मुरबाडपर्यंत जाता आलं असतं. ती तर वरच जळून गेली.

आणि मुरबाड सोडलं की दुपारी खारे वारे गाठतात. शाळेच्या भूगोलात वाचलेले तेच. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्रावरची आत येते. आपण पश्चिमेला चाललेलो, म्हणजे हा वारा थेट छातीवर. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. समोरून ताशी १५ चा वारा असेल तर त्याच वीसच्या वेगाला ७५ ऐवजी दीडशे वॉटच्या पुढे जावं लागतं. दिवसातली खरी चढण मला वाटते ती हीच, आणि नकाशावर ती कुठेच दिसत नाही.

स्नायूंनी जाळलेल्या अन्नातला जेमतेम चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता. तेवढी घालवायला तासाला अर्ध्या लिटरहून जास्त घाम वाळायला हवा. नुसता गळून उपयोग नाही. दमट हवेत तो वाळत नाही. तरी इथे वाऱ्याचे उपकार मानावे लागतात. अडवतो तोच, अंगावरचा घाम वाळवतोही तोच. मी थांबून मीठ-साखरेचं पाणी प्यायलो. शर्टाच्या पाठीवर मिठाची पांढरी रेघ उमटली होती.

रायत्याला उल्हास नदी ओलांडली, म्हारळ मागे पडलं आणि शहाडच्या पुलावर गर्दीत अडकून थांबलो. खालून कल्याणकडे जाणारी एक लोकल वेग कमी करत होती. लोकल थांबताना तिच्या मोटरी जनित्र बनतात, वीज वरच्या तारेत परत जाते आणि जवळपासच्या दुसऱ्या गाडीला ती वापरता येते. मी वाकून डिस्कला बोट लावलं. गार होती.